उपासाच्या दिवशीची गोळी

आधी शेवंतीबायचं नाव सांगते, मग आजाराचं. आजार माझ्या अंगाला झाला, पण काढला तो त्यांनी.

शेवंतीबाय माझ्या नात्यातल्या नाहीत. समुद्राकाठच्या हरमलला त्यांच्या घरामागे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. त्या खोल्या मी झाडते, चादरी धुते, आणि मागच्या पडवीला लागून असलेल्या लहान खोलीत राहते. माझं गाव इथून लांब, गगनबावड्याच्या घाटाखाली. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर डिचोलीला आले, ते खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद झाल्या, पुढे तेही गेले. गावचं घर बंद आहे. एकच मुलगी, स्मिता, ती डिचोलीकडेच दिलेली. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, त्या पोटात घाला. पण हे दुखणं कुणाला झालं तर माझ्यासारखं करू नका, एवढ्यासाठी लिहिते आहे.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशीही शेवंतीबायच माझ्याशेजारी बसलेल्या होत्या. म्हापशाला, इस्पितळात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या स्मितापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, माझे दोन्ही दंड धरून वर करून पाहिले, मी ओरडले. मग म्हणाल्या, "तुम्हाला पॉलिमायाल्जिया रुमॅटिका आहे."

मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. शेवंतीबायनी मात्र लगेच विचारलं, "बाय, ह्या कॅन्सराचा नाव तर न्हय मगे?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही, कॅन्सर नाही. पॉलि म्हणजे पुष्कळ. मायाल्जिया म्हणजे स्नायूंचं दुखणं. पन्नाशीनंतर होतो हा आजार, बायकांना जास्त. शरीराची स्वतःची राखण करणारी शक्ती असते ना, ती उलटते आणि खांद्यांच्या, कमरेच्या सांध्यांभोवती सूज आणते. का होतं ते नक्की कुणालाच माहीत नाही."

"बरा होतो?" मी विचारलं.

"बहुतेकांचा होतो. पण वेळ घेतो. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि औषध स्टेरॉइड आहे."

वर्ष, दोन वर्षं म्हटल्यावर मी मनात महिने मोजले. मरणाची भीती नव्हती वाटली. स्मिताला दिवस गेले होते, आठच दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. मला एवढंच दिसत होतं की पाय पसरून बसायचं, नातवंडाला नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि अंगाला तेल लावून न्हाऊ घालायचं. माझ्या आईनं स्मिताला तसंच घेतलं होतं. आणि मला तर त्या दिवशी इस्पितळाच्या बाकड्यावरून उठायला दोघांचे हात लागले होते.

सुरुवात कशी झाली ते सांगते, कारण ती ओळखता येत नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. सीझन सुरू झाला की आमच्याकडे रोज चादरी निघतात. मशीन धुतं, पण दोरीवर टाकायच्या हातानेच. ओली चादर वर फेकताना एक दिवस उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मग डावाही जाईना. मला वाटलं, फेकून फेकून खांदे भरले. मी दोरीच खाली बांधली.

शेवंतीबायनी बघितलं. "दोरी खाली कित्याक केलंस गो? चादरी जमीन सारवतत!"

"वारा लागतो खाली बरा," मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. हरमलला वाऱ्याचा कधी तोटा होता?

मग सकाळी उठता येईना. रात्री झोपताना बरी, पण पहाटे जाग आली की मान, खांदे, कंबर, मांड्या सगळं लाकूड. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करायची. मी चटईवरून घरंगळत जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली जायची, जनेलाचे गज धरून उभी राहायची. शौचाला उकिडवं बसलं की उठताना डोळ्यांतून पाणी यायचं. आणि दुपार झाली की हळूहळू सगळं सुटायचं. त्यामुळे कुणाला खरं वाटत नसे. सकाळी मेलेली आणि दुपारी ताजी, असं दुखणं कसलं? मलाही वाटायचं, आपण आळशी झालो.

तर हे लक्षात ठेवा. सकाळी दोन्ही खांदे आणि दोन्ही बाजूंची कंबर आखडते, तास तास सुटत नाही, आणि दिवस वर आला की कमी होतं, हे या आजाराचं लक्षण आहे. मला ते कळायला चार महिने गेले. कुणी म्हणालं चिकनगुनिया, कुणी म्हणालं वात. तेल चोळलं. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं, एक दिवस बरं वाटलं. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. एका खोलीत रशियाची बाई राहत होती, ती मला रोज हात वर करायचा व्यायाम दाखवायची. बिचारी मनापासून दाखवायची. तिचे हात वर जायचे, माझे नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे केस. हात डोक्यापर्यंत जात नाही म्हणजे काय ते केस विंचरायला घेतल्यावर कळतं. मी केस तसेच बांधून पदर घ्यायला लागले. एक दिवस शेवंतीबायनी पदर ओढला.

"काय गो ह्या? चिमण्येन घरटा केल्यान काय?"

मी पदर परत ओढून घेतला. त्यांनी मला मागच्या पायरीवर बसवलं, स्वतः वरच्या पायरीवर बसल्या आणि फणी घेतली. गुंता सोडवायला अर्धी सकाळ गेली. मालकीणबाई कामवालीचे केस विंचरतेय, येणारेजाणारे बघत होते. मी म्हटलं, "नको हो, लोक काय म्हणतील."

"लोकांका काय, लोकांचे केस लोक विंचरतले," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, फणी चालू ठेवून, "माका एकच झील. तो लंडनाक. त्याचा चेडू मी फोनार बघलंय, एकदाय आंगाक हात लावूक गावलो नाय. उद्या माजे हात वर जावचे नाय तर माजे केस कोण विंचरतलो?"

मुलाचं आणि नातीचं एवढं बोलून त्या पुढच्या गुंत्याकडे वळल्या. त्यांना उत्तर नको होतं. पण त्या दिवसापासून रोज सकाळी पायरीवर बसणं सुरू झालं, आणि म्हापशाला चल म्हणून मागे लागणंही.

म्हापशाला रक्ताच्या दोन तपासण्या केल्या. एक ईएसआर आणि दुसरी सीआरपी. अंगात कुठे सूज आहे का ते त्यातून कळतं. कुठे आहे ते कळत नाही, किती आहे ते कळतं. माझे दोन्ही आकडे फार वर होते. बाकीचे आजार नाहीत ना याच्यासाठी आणखीही तपासण्या झाल्या. बाहेरच्या बाकड्यावर बसून बसून मी आखडायची, शेवंतीबाय मला धरून व्हरांड्यात फिरवायच्या. लोकांना वाटायचं दोघी बहिणी.

गोळीचं नाव प्रेडनिसोलोन. इवलीशी, पांढरी. तोंडात ठेवली तर कडू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हाच आजार असेल तर दोनतीन दिवसांत फरक पडेल. तोच याचा पुरावा." मला पटलं नव्हतं. चार महिन्यांचं दुखणं दोन दिवसांत कुठे जातं?

पण तिसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा माझा उजवा हात माझ्या डोक्याखाली होता. झोपेत आपोआप गेला होता. मी तशीच पडून राहिले, हलायची भीती वाटत होती. मग उठले. जनेलाला हात न लावता उठले. मागे जाऊन दोरी सोडली आणि परत वर बांधली. शेवंतीबाय चहाचा कप घेऊन आल्या आणि दोरीकडे बघून तिथेच उभ्या राहिल्या. "पावलो गो, देव पावलो," म्हणाल्या. आणि तरीही मला पायरीवर बसवलंच. म्हणाल्या, सवय झाली.

स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरवतात. मलाही घाबरवलं. खरं काय ते सांगते. तोंड सुजून गोल होतं. भूक इतकी लागते की लाज वाटते. झोप उडते. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या आणि साखरेची तपासणी वेगळी. स्मितानं फोनवर बघून विचारलं, "आये, तुझ्या तोंडाला काय झालं?" मी म्हटलं, हरमलचे मासे अंगाला लागले. पण त्याच गोळीनं मला उभी केली हेही खरं.

डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले होते. गोळी सकाळीच घ्यायची, संध्याकाळी घेतली तर रात्री झोप येत नाही. उपाशीपोटी कधी घ्यायची नाही, पोटात जखम होते. आपल्या मनानं बंद करायची नाही, कमीजास्त करायची नाही. आणि कानशील दुखलं, चावताना जबडा दुखला, नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी यायचं. याच आजाराचा एक भाऊ आहे, तो डोळ्यांच्या नसांवर जातो, त्यात माणूस आंधळा होऊ शकतो. हे तुम्हीही लक्षात ठेवा. मी रोज सकाळी उठल्यावर आधी एक डोळा झाकून मग दुसरा झाकून दोरी दिसते का बघायची. अजून बघते.

माझी गोळीची वेळ म्हणजे पोदेराचा हॉर्न. पाववाला पोदेर सायकलवरून हॉर्न वाजवत आला की दोन पाव घ्यायचे, चहात बुडवून खायचे आणि गोळी घ्यायची. कधी चुकलं नाही.

डॉक्टरीणबाई महिन्यामहिन्याला रक्त बघायच्या आणि गोळी थोडी थोडी कमी करायच्या. मला बरं वाटत होतं. मी स्मिताच्या बाळंतपणाची तयारी करायला लागले. जुनी लुगडी धुवून मऊ केली. शेक-शेगडीची सोय बघितली. आणि एक दिवस खोलीत पाय पसरून बसले, नडग्यांवर भोपळा ठेवला आणि बघितलं, किती वेळ जमतं. नेमक्या शेवंतीबाय दारात.

"भोपळ्याक न्हाणयतंस? साबू लाव मगे तेका!"

दोघी हसून हसून बेजार झालो. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या खोलयेत बाळतीण मावतली काय? स्मिताक माज्या पुढच्या खोलयेत ठेवया. तुजा घर बंद आसा तर माजा उघडा आसा."

आषाढात स्मिता आली. पोट पुढे, पाय सुजलेले, आणि मला बघून रडायला लागली. माझं तोंड असं आणि तिचे पाय तसे. शेवंतीबाय म्हणाल्या, दोगी मेळान एक धड माणूस होयत.

आता जिथे चुकले ते सांगते.

श्रावण लागला. सोमवार मी नेहमीच करते. त्या वर्षी स्मिता सुखरूप सुटावी म्हणून शनिवारही बोलले होते, संकष्टीही. उपासाच्या दिवशी मी संध्याकाळी एकदाच जेवते, सकाळी फक्त काळा चहा. पोदेराचा हॉर्न वाजायचा, मी दारात जायची नाही. आणि गोळीही घ्यायची नाही. कारण डॉक्टरांनीच सांगितलं होतं, उपाशीपोटी घ्यायची नाही. संध्याकाळी घ्यावी तर झोप जाते, तेही त्यांनीच सांगितलं होतं. माझ्या मनानं मी डॉक्टरांचं अगदी तंतोतंत पाळत होते. गोळी बंद केली असं मला एकदाही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी घ्यायचीच होती ना.

शेवंतीबायना उपास माहीत होता. गोळीचं त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नाही.

श्रावणाच्या शेवटाला सकाळी पुन्हा अंग धरायला लागलं. मी म्हटलं, गणपतीच्या चवथीची सफाई आहे, होणारच. थकवा यायचा, मळमळायचं, उठलं की डोळ्यांपुढे काळं यायचं. म्हटलं, उपास आहेत. सांगितलं असतं तर शेवंतीबायनी काम बंद केलं असतं, आणि स्मिता घाबरली असती.

मग हरतालिका आली. पाणीसुद्धा नाही. लेकीसाठी केलं, वाटलं ही शेवटची परीक्षा. दुसऱ्या दिवशी चवथ. गणपतीची पूजा, नैवेद्य होऊन जेवायला दुपार उलटली, गोळीची सकाळ गेली. तिसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. पाव म्हणजे गहूच. तो दिवसही गेला. त्यात आदल्या रात्री जेवलेलं सगळं उलटलं होतं.

ऋषीपंचमीला दुपारी पुढच्या घरात आरतीची तयारी चालली होती. मी उदबत्त्या घेऊन उठले आणि पडले. पुढचं मला आठवत नाही. स्मिताची किंकाळी तेवढी आठवते.

शेवंतीबायच्या घोवानं, म्हणजे नवऱ्यानं, अँब्युलन्स बोलावली. त्या नेसत्या लुगड्यानिशी माझ्याबरोबर बसल्या. घरात गणपती, पाहुणे, चुलीवर वालीची भाजी, सगळं तसंच टाकून. रक्तदाब जवळजवळ सापडत नव्हता म्हणे. सलाईन लावलं, नसेतून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. ते अंगात गेलं आणि मी डोळे उघडले.

त्याच डॉक्टरीणबाई आल्या. "गोळी बंद केली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "रोज घेते. उपासाचे दिवस सोडून."

त्यांनी हातातली फाईल मिटली. मग स्टूल ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर लहान ग्रंथी असतात, अॅड्रिनल. जगायला लागणारं स्टेरॉइड त्या रोज स्वतः बनवतात. बाहेरून गोळी यायला लागली की त्यांना वाटतं आपलं काम संपलं, त्या झोपतात. मग गोळी अचानक थांबली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. माणूस त्यात जाऊ शकतो. म्हणून गोळी हळूहळू उतरवायची, त्या ग्रंथींना जागं व्हायला वेळ द्यायचा. उलटीमुळे गोळी पोटात राहिली नाही तरी तसंच होतं, म्हणजे तेव्हाही लगेच इस्पितळात.

"पण उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणालात ना?"

"म्हणाले. उपाशीपोटी गोळी नाही याचा अर्थ त्या दिवशी गोळी नाही, असा नाही मावशी. त्या दिवशी उपास नाही, असा आहे."

हे वाक्य मी तुमच्यासाठी लिहिते आहे. बाकी विसरलात तरी चालेल.

त्या बोलत असतानाच शेवंतीबायचा फोन वाजला. स्मिताच्या पोटात दुखायला लागलं होतं, तिला घराजवळच्या इस्पितळात नेत होते. दिवस भरायला तीन आठवडे होते. मला पडलेली बघितलं आणि तिला कळा सुरू झाल्या. शेवंतीबाय माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठायला गेले, हाताला सुई, कमरेखाली जीव नाही.

"तू पडान रव," त्या म्हणाल्या. "मी आसंय. आज मीच तिची आवस."

आणि गेल्या.

तो वेळ कसा काढला ते मला लिहिता येणार नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी देवाचं नाव घे म्हणत होती. मी घेत नव्हते. देवासाठी महिनाभर उपाशी राहिले होते, आणि माझी लेक मला हाका मारत असेल तिथे मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. केस विस्कटलेले, डोळे लाल. खाटेच्या कडेला बसल्या.

"चेडू झाला. बारीक आसा, पण आवाज बघ, सगळो वॉर्ड जागो केल्यान. नाक तुजा."

मी त्यांचा हात धरला. विचारलं, गणपतीचं काय? त्यांच्याकडे पाच दिवसांचा असतो.

"घोव पोचयतलो," त्या म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून विसर्जनाला त्या घरी नाहीत असं हे पहिल्यांदाच होत होतं, हे मला नंतर त्यांच्या घोवाकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

मला घरी सोडलं तेव्हा गोळी पुन्हा वर नेलेली होती. महिन्यामहिन्यानं जेवढी उतरवली होती ती सगळी वाया गेली. आता अंगात जीव नव्हता, मांड्यांत ताकद नव्हती. जमिनीवर बसले तर उठता येत नव्हतं.

न्हाणीच्या दाराशी शेवंतीबायनी माझ्यासाठी कदेल ठेवली होती. मी त्या खुर्चीवर बसायची. आत त्या पाय पसरून बसायच्या आणि नातीला नडग्यांवर घ्यायच्या. खोबरेल लावायच्या, हात-पाय ओढायच्या, नाक दाबून सरळ करायच्या, बालदीतलं गरम पाणी ओंजळीनं पाठीवर सोडायच्या. नात रडायची, मग पाण्याच्या ऊबेनं गप्प व्हायची. मी तांब्या पुढे करायची. तेवढंच माझं काम. एक दिवस शेवंतीबाय म्हणाल्या, "ये, तू घे, मी धरतंय तुका." मी खाली बसायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. तान्ह्या पोरीच्या डोक्यावर पडले असते. पुन्हा कधी तसं करून बघितलं नाही.

बारशाला स्मिताच्या सासरची माणसं आली. तिच्या सासूबाईंनी माझ्या गोल तोंडाकडे बघून मला आधी ओळखलंच नाही. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पयला बाळतपण आवशीकडे म्हणतत. हंय तर आवसच बाळतीण झाली!"

बायका हसल्या. त्या काही दुष्ट नव्हेत, बोलून गेल्या. शेवंतीबाय पाळण्याची दोरी धरून होत्या, तिथूनच म्हणाल्या, "होय तर. हंय दोन बाळतिणी सांभाळलंय मी. तिसऱ्येची जागा आसा, तुमका येवचा आसा तर सांगा."

हसणं थांबलं नाही, पण दुसऱ्या बाजूला वळलं.

सव्वा महिन्यानं सासरचे स्मिताला आणि बाळाला घेऊन गेले. निघायच्या आधी स्मिता माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आये, तू उपास माझ्यासाठी केलेस ते मला माहीत आहे. पण मी तिकडे ओरडत होते तेव्हा मला तू पाहिजे होतीस." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्याला आता वर्ष झालं. गोळी पुन्हा हळूहळू उतरते आहे. मध्ये एकदा उतरवताना खांदे धरले, थोडी वाढवावी लागली, पण डॉक्टरांनीच वाढवली, मी नाही. मी पाकिटात चिठ्ठी ठेवते, त्यावर लिहिलंय की ही बाई स्टेरॉइड घेते, अचानक बंद करू नये. साखर थोडी वाढली आहे. तोंड उतरायला लागलं आहे. चादरी दोरीवर टाकते, दोरी जुन्याच उंचीवर आहे.

आता मला पाय पसरून बसता येतं. पण नात आता चालायला लागली. परवा आली होती, तिला न्हाणीत नेलं तर ती उभी राहूनच अंघोळ करते, आणि माझ्या हातातला तांब्या ओढून घेते. नडग्यांवर घ्यायचं वय गेलं. ते परत येत नाही. हे कोणत्याही गोळीनं बरं होणार नाही, आणि त्याच्याशी भांडणं मी सोडून दिलंय. रोज सकाळी न्हाणीच्या दारावरून जाताना अजून पाऊल अडखळतं, एवढंच.

या वर्षीची हरतालिका सांगते आणि थांबते. पहाटे मी अंधारातच उठून बसले होते. उपास करायचा नाही हे ठरलं होतं, पण जीव मानत नव्हता. पोदेराचा हॉर्न वाजला. मी हलले नाही. शेवंतीबाय स्वतः बाहेर गेल्या, पाव घेऊन आल्या. त्यांचा स्वतःचा निर्जळी उपास. त्यांनी पाव मोडला, चहात बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"खा. देवाक मी सांगतंय."

मी खाल्ला. गोळी घेतली. मग त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि फणी हातात घेतली. माझे हात आता डोक्यापर्यंत जातात, हे दोघींनाही माहीत आहे.

त्यांचा उजवा खांदा हल्ली दुखतो. मी घाबरून त्यांना म्हापशाला नेलं, रक्त तपासलं, माझा आजार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय आहे. वेणी घालताना त्या मध्ये एकदोनदा थांबतात, हात खाली घेऊन झटकतात आणि पुन्हा सुरू करतात. मी पाठमोरी असते, त्यांना वाटतं मला कळत नाही.

शेवंतीबाय, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, तुमचे केस कोण विंचरणार. मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, कारण माझेच हात वर जात नव्हते. माझ्या नातीला तुम्ही पायांवर घेतलंत ते मला कशानंच फेडता येणार नाही. पण ज्या सकाळी तुमचा हात वर जाणार नाही, त्या सकाळी मला हाक मारत बसू नका. मी फणी घेऊन वरच्या पायरीवर आधीच बसलेली असेन.